आत्याची चाल

'अष्टपैलू' या शब्दाचा मला तिटकारा आला आहे. मुलाखत घ्यायला येणारा प्रत्येक जण तो आधी चिकटवतो आणि मग विचारतो, "विनोदी कार्यक्रमातून इतक्या गंभीर भूमिकांपर्यंत कसे पोचलात?" मी ठरलेलं उत्तर देतो. खरं उत्तर त्यांना नको असतं आणि मला द्यायची लाज वाटते. आज देतो. मी माझ्या आत्याच्या मोडक्या पायावर उभा राहिलो.

आम्ही मुखेडचे. नवरा गेल्यावर आत्या आमच्याकडेच आली आणि मला तिनेच वाढवलं. विहिरीच्या पायरीवर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ते कसंबसं जुळलं. त्यामुळे डावा पाय ओढत, एक हात कमरेवर ठेवून ती चालायची. बोलण्याआधी पदराने ओठ पुसायची आणि समोरच्याच्या दंडावर चापट मारून म्हणायची, "हाव का न्हाई?" आठवडी बाजारात शेंगदाण्याची चटणी घेऊन बसायची. चटणीपेक्षा तिच्या गप्पांनाच गर्दी जास्त असायची.

लातूरला कॉलेजात नाटकं केली आणि पुढे मुंबईत टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात शिरलो. तिथे पुरुषाला लुगडं नेसवलं की अर्धं हसू आयतंच मिळतं. माझ्या वाट्याला लुगडं आलं त्या दिवशी मला काहीच सुचत नव्हतं, म्हणून मी आत्याची चाल काढली. सेटवरची माणसं पोट धरून हसली. पुढची चार वर्षं दर आठवड्याला मी तो पाय ओढला. पात्राचं नावसुद्धा 'आत्या'च ठेवलं, इतका मी दिवटा.

सुरुवातीला तिलाही कौतुक होतं. शेजारणींना बोलावून दाखवायची, "बघा, माझंच करून राहिला." मग बाजारात लोक तिच्या मागे पाय ओढत चालायला लागले. पोरंटोरं नव्हेत, मिशा पिळणारी, मुलाबाळांची माणसं! चटणी बांधून घेता घेता म्हणायची, "आत्या, जरा चालून दाखव की." तिने बाजार सोडला. नंतर तर उंबऱ्याबाहेर पडणंच सोडलं. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अगं, फेमस झाली ती! हसू दे की लोकांना." हे वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

पुढे चित्रपट मिळाले. हवालदार, गडी, नायकाचा बावळट मित्र. सगळी हसण्याचीच कामं. शेवटी एका दिग्दर्शकाने रेल्वे फाटकावरच्या कर्मचाऱ्याची भूमिका दिली. त्याची मुलगी मरते. मुदखेड जंक्शनजवळच्या एका फाटकावर आठ दिवस बसून मी ते काम शिकलो. कुणाची नक्कल केली नाही. आत्याला हे दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं. तिला उसनं न घेताही मला काही येतं हे तिने पाहावं आणि मला माफ करावं, एवढाच माझा स्वार्थ होता.

हातापाया पडून तिला नांदेडला आणलं. खेळाच्या कितीतरी आधी जाऊन आम्ही खुर्च्यांत बसलो. मला कुणी ओळखू नये म्हणून मी तोंडाला रुमाल बांधला होता.

तो प्रसंग आला. दवाखान्यात फाटकवाला मुलीच्या अंगावरची चादर बाजूला करतो. तोच मागून एक जण ओरडला, "आत्या आली रे, आत्या!" आणि अख्खं थिएटर खदाखदा हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या नालायकांना बापाचं रडणंही कळत नाही? मी ताडकन उठलो. आत्याने माझा शर्ट धरून खाली ओढलं.

"बस खाली."

"आत्या, तिथं लेक मेलीय माझी आणि हे हसून राहिलेत!"

"मंग? माझा पाय मोडला त्याला न्हाई हसले? तूच शिकीवलंस की त्यास्नी." तिचा आवाज शांत होता. "आता कामून कावून राहिलास?"

मी खाली बसलो.

चित्रपट संपला, दिवे लागले. लोक जांभया देत, फोन बघत बाहेर पडायला लागले. मी तिला हात दिला. तिने तो धरला नाही. मांडीवर पदर सारखा केला आणि दाराकडे बघत म्हणाली, "सगळे जाऊ दे, लेकरा. मंग उठंन मी."