दोराचं दुसरं टोक

पप्पांची पेटी कबरेत उतरवताना दोराचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं थोरल्या भावाच्या. "हळू सोड," तो म्हणाला. अकरा वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

थोड्या वेळापूर्वी चर्चमध्ये पाळकसाहेब सांगत होते, आपल्या बापाला, अब्राहामाला, पुरायला इसहाक आणि इश्माएल, दुरावलेले दोघे भाऊ, एकत्र आले. देव असंच जोडतो. इतकी वर्षं मी याच आशेवर होतो. पण माती दिल्यावर ते एकमेकांशी काय बोलले, हे पवित्र शास्त्रात कुठेच नाही. मी कितीदा शोधलंय. हात झटकून आपापल्या वाटेनं गेले असतील.

पेटी टेकली. दोर वर काढायचा तर एकानं टोक सोडावं लागतं. मी सोडलं. भावानं दोर ओढून घेतला, गुंडाळला आणि फाटकाकडे चालू लागला. माझा हात अजून पुढेच होता.