वरचा ओठ सरकारचा

"अण्णा, खालचा ओठ माझा, वरचा सरकारचा. जपून चालवा!"

हे वाक्य टाकल्याशिवाय त्या गृहस्थाने माझ्यापुढे कधी गाल केला नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या तोंडाशी माझं केशकर्तनालय होतं. केशकर्तनालय म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि एक छप्पर, तिन्हींना तडे. तिथं मी भल्याभल्या सावकारांच्या माना वाकवल्या, पण या गड्याचा वरचा ओठ काही माझ्या ताब्यात आला नाही.

तुम्ही म्हणाल, ओठावर सरकारचा कसला हक्क? सांगतो. हा गडी तमाशात मावशी व्हायचा. गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली, कृष्णाला शिव्या घालणारी ती मावशी. लुगडं नेसून तो नुसता उभा राहिला तरी लोक पोट धरायचे. आणि हाच गडी पलटणीतून सुटून रिझर्व्हात होता. वर्षातून एकदा बेळगावहून बोलावणं आलं की लुगडं घडी करून ठेवायचं आणि कॅम्पात जाऊन महिनाभर परेड करायची. आता मावशीला मिशी चालत नाही आणि शिपायाला मिशीवाचून चालत नाही. झाली का पंचाईत?

बेळगावचा सुभेदार म्हणायचा, "बिनमिशीचा शिपाई म्हंजे बिनशेपटाचं वांदर!" इकडे फडमालक म्हणायचा, "मिशीवाली मावशी? लोक धोंडं मारत्यात!" दोघांच्या भांडणात वस्तरा बिचारा माझा.

"सोडा की ते रिझर्व्ह," मी एकदा म्हणालो.

"सोडतो की. पर सासऱ्यानं पोरगी शिपायाला दिलीया, मावशीला न्हाय!"

"मग मावशी सोडा."

त्यावर मात्र तो खुर्चीत ताठ झाला. "अण्णा, जीव मागा. मावशी मागू नगा."

परेड त्याच्या हाडात मुरली होती. एकदा गवळण रंगात आलेली असताना बंदोबस्ताच्या पोलिसाने शिट्टी फुंकली. झालं! मावशी खाडकन टाचा जुळवून ताठ उभी. डोक्यावरची घागर मागच्या ढोलकीवाल्याच्या मांडीत. लोकांना वाटलं, हेही सोंगच! असा हशा झाला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या गवळणी लेफ्ट-राइट करत मथुरेला जाऊ लागल्या. मावशी ओरडायची, "घागरी... खांद्याला! कृष्ण दिसला की फैर!" बिचारा कृष्ण खरंच भ्यायचा.

एका वर्षी कॅम्प आणि जत्रा एकाच वेळी आले. एका दिवसाची सुट्टी काढून तो सर्व्हिस मोटारीने आला तो थेट माझ्या खुर्चीत. ओठावर मिशी ही एवढी, पिळदार.

"काढू?" मी विचारलं.

"उद्या परेड हाय. काढली तर सुभेदार कोठडीत घालतोय आन् रिझर्व्हातनं नावबी जातंय."

"आणि ठेवली तर?"

तो आरशात मिशीच बघत बसला. फडमालकाने कोल्हापूरकडचा एक गुळगुळीत गडी आणून बसवला होता, हे सगळ्या निपाणीला ठाऊक होतं. मावशीचं लुगडं त्याच्या मांडीवर तयार. आज मावशी फसली की उद्यापासून हा. मी वस्तरा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

शेवटी तोच उठला. "ऱ्हाऊ द्या अण्णा. पदर हाय की!"

पदर दातात धरून मावशी आली. पण दातात पदर धरून कृष्णाला शिव्या कशा द्यायच्या? पहिल्याच शिवीला तोंड उघडलं आणि पदर सुटला. मांडव चिडीचूप. तेवढ्यात चिकोडीकडचा एक शेतकरी कानडीत ओरडला, "मावशी, मीशी यार्दू?"

मिशी कुणाची? आम्ही हद्दीवरची माणसं, कानडी सगळ्यांनाच कळत होतं. फडमालकाने डोळे मिटून घेतले.

मावशीने मिशीवरून हळूच बोट फिरवलं आणि चक्क लाजली. "मालकांची हाय रं आप्पा! पलटणीत गेल्यात न्हवं? जाताना म्हणलं, माझी अब्रू सांभाळ. ट्रंकेत ठिवली असती, पर कसर लागती!"

काय सांगू तुम्हाला! मांडवाचा एक खांब खरोखर आडवा झाला. त्याला टेकलेला माणूस हसता हसता घसरला होता. तो गुळगुळीत गडी मावशीच्याच लुगड्याने डोळे पुसत होता. तेव्हापासून मिशी ओठावर कायमची राहिली आणि खानापूरकडून लोक गाड्या जुंपून मिशीवाली मावशी बघायला येऊ लागले. माझी तेवढी अर्धी हजामत बुडाली.

मग मोठी लढाई लागली. या वेळचं बोलावणं महिन्याभराचं नव्हतं. तो आला, मिशीची टोकं नीट करून घेतली आणि म्हणाला, "अण्णा, मालकास्नी सांगा, माझी मावशी कुणाला दिऊ नगा. मी येतो."

मी सांगितलं. फडमालकाने लगेच आईची शपथ घेतली. आणि पाळली हो! लढाई संपेपर्यंत आमच्या गवळणी मावशीवाचून मथुरेला जात राहिल्या. लोक ओरडायचे, शिव्या द्यायचे, पण फडात दुसरी मावशी उभी राहिली नाही.

लढाई सरल्यावर अनगोळचा एक शिपाई सासुरवाडीला निपाणीत आला, तो दाढीला माझ्याकडे बसला. बोलता बोलता कळलं, हा त्याच तुकडीतला.

"मावशी व्हय? आवो, तिकडं वाळवंटात इस्पितळाच्या तंबूत मच्छरदाणी नेसून आली की! जखमी गडी असं हसलं, असं हसलं, की टाकं उसवलं! डाक्टरसाहेब बोंबलतोय, हिला भायेर काढा! शेवटी तंबूच्या दाराला पहारा बसवला, येकट्या मावशीसाठी!"

मी इतका हसलो की साबणाचा फेस त्याच्या कानात गेला. "हलू नको रं, गळा कापंल," म्हणालो. "आणि येतोय कधी तो?"

त्याचं हसू थांबायला थोडा वेळ लागला.

"न्हाय अण्णा. दुसऱ्या दिशी आमी फुडं गेलो. त्यात ते कामी आलं."

मी वस्तरा त्याच्या गळ्यावरून उचलला. पोटातलं हसू अजून ओसरलं नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन्ही एकदम. असं रडणं मी आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी रडलो नाही.

"थांब बाबा जरा," म्हणालो आणि त्याची अर्धी दाढी तशीच टाकून फडमालकाच्या घराकडे निघालो. त्या माणसाने मावशी अजून कुणाला दिली नव्हती.