चामुंडेपुढचा झेंडू

"निर्माल्य काढलं मी, खून नाही केला कुणाचा," सुधाकर म्हणाला आणि पोह्यांवर आणखी शेव घातली.

"निर्माल्य देवाचं असतं. ती माझी मांडणी होती," वसुधा म्हणाली.

"वाळलेलं ते वाळलेलं. देवीपुढे वाळकी बोंडं कोण ठेवतं? तुझ्या माहेरी ठेवत असतील."

"माहेरापर्यंत जाऊ नका."

"सकाळपासून तू मला कुठे कुठे नेऊन आणलंस ते बघ आधी."

आदल्या संध्याकाळच्या निकालानं हे भांडण पेटलं होतं. पुष्परचना मंडळानं संग्रहालयात स्पर्धा ठेवली होती. एकेकीनं एकेक मूर्ती निवडायची आणि तिच्यावरून सुचेल तशी फुलं तिच्यासमोर मांडायची. बाकीच्या बायका अप्सरांवर आणि लक्ष्मीवर तुटून पडल्या. वसुधानं कोपऱ्यातली चामुंडा घेतली. बरगड्या वर आलेल्या, पोट पाठीला लागलेलं, स्तन सुकलेले. गावाबाहेर हातोदच्या रस्त्यानं हिंडून तिनं धोत्र्याची काटेरी बोंडं, मान टाकलेली सूर्यफुलं, असं जे जे वाळकं मिळेल ते गोळा केलं. ताजी अशी एकच लाल कर्दळ, ती सगळ्यांत खाली, जवळजवळ झाकलेली.

भोपाळच्या राज्य फेरीची निवड फोटोवरून होणार होती. फोटो काढायला घरचाच माणूस. मांडणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाची दाढ काढायची होती, म्हणून सुधाकर एकटा गेला. चपला बाहेर काढून मूर्तीपुढे उभा राहिला आणि घरी देवघरात रोज करतो तसं आधी वाळलेलं सगळं उचललं. मग कोपऱ्यावरून झेंडू आणि शेवंती आणून भरली. फोटो काढला आणि तिला न दाखवता मंडळाला पाठवूनही दिला.

तोच निवडला गेला. 'उग्रतेला मांगल्याची जोड', असं परीक्षकांनी लिहिलं होतं. खाली नाव वसुधाचं.

"अरे यार आई, सिलेक्ट झालं ना, मामला खतम," परेश मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय."

"भोपाळला जाऊन तुम्ही तुमचीच मांडा ना, आई," अनुष्का म्हणाली. सून होती, तिला लवकर टेबल आवरायचं होतं. "कुणाला काय कळतंय?"

"फोटोत आहे तीच मांडायची असते तिथे. म्हणजे ह्यांचा झेंडू."

"मग मांड," सुधाकर म्हणाला. "लोकांच्या बायका गजरे माळतात, आमचीनं काटेकुटे वेचले. स्मशानातून उचलून आणल्यासारखं दिसत होतं ते."

"तसंच दिसायला हवं होतं."

"ऐकलं का भिया," तो परेशला म्हणाला, "तुझ्या आईला स्मशान हवंय."

परेश हसला. अनुष्काही हसली, पण पाठ वळवून.

वीज कंपनीच्या ऑफिसातून वसुधा निवृत्त झाली, तोवर सुधाकरनं तिचे शेकडो फोटो काढले होते. दर वेळी आधी दुरुस्ती. पदर सरळ कर, कुंकू ठळक लाव, अशी काय बघतेस, हस की. परेश झाला तेव्हा ती तापानं पार खंगली होती. तेव्हाचा एक फोटो होता. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, मांडीवर पोर. "हा नको, भुतासारखी दिसतेस," म्हणून सुधाकरनं तो फाडला. वसुधाला मात्र तेवढ्या एकाच फोटोत आपण दिसलो होतो. संग्रहालयात चामुंडेपुढे पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिला तोच आठवला. या घरात ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"तिच्या अंगावर मांस नाही," ती म्हणाली, "तेही भरून काढायचं होतं शेवंतीनं."

"जीभ बघा हिची. अगं, मी नसतो तर तुझा फोटो मंडळाच्या दारापर्यंत तरी पोचला असता का? चार माणसांत माझी नाचक्की करायचीय तुला."

"आई, मंडळाच्या मधुरिमाजींना आज कळवायचंय," अनुष्का मध्येच म्हणाली. "भोपाळला जायला गाडी ठरवतायत त्या."

वसुधा उठली. फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं. सुधाकरनं थंड झालेला चहा परत गरम करायला पाठवला. चहा येण्याआधीच ती बाहेर आली.

"मधुरिमाजींना सांगितलं," ती म्हणाली. "तो फोटो माझ्या मांडणीचा नाही, माझं नाव काढा. भोपाळला मी जाणार नाही. ह्यांना जायचं असेल तर ह्यांच्या नावानं पाठवा, असंही सांगितलंय. आणि यापुढे माझ्या कामाचा फोटो मी काढणार."