इनासकडे मंगळवारी कोण येतं?

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. वाडीत चक्कर मारून आलं की लेंग्याला कुसळं चिकटलेली असतात. घरी बसल्यावर एकेक काढावी लागतात. हे तसंच आहे.

वसईजवळच्या गास गावात आमच्या आळीच्या तोंडाशी क्रूस आहे. त्याच्या ओट्यावर आम्ही तिघं म्हातारे रोज संध्याकाळी बसतो. मी पास्कू, बस्त्याव आणि इनास. मी चौथीपर्यंत शिकलो आणि बोलतो कमी. बस्त्याव माझ्या वाटचंही बोलतो. इनास दोघांचं ऐकतो. घरच्या बोलीत आमच्या गप्पा याहून तिखट असतात, पण इथे सगळ्यांना कळेल असं लिहितोय.

गेल्या वर्षी इनासची बायको आग्नेस वारली. ईस्टरनंतर इनास मंगळवारी ओट्यावर येईनासा झाला. मग शनिवारीही येईनासा झाला. बस्त्यावच्या डोक्यात संशय शिरला तो तिथून.

*

बस्त्यावने आधी मंगळवारचा छडा लावला. आचोळ्याच्या फ्लॅटमधून एक नवराबायको त्याला बायबल सांगायला यायचे. नवऱ्याच्या गळ्यात मे महिन्यातही टाय. बायकोच्या हातात छत्री, खांद्याला चामड्याची बॅग.

"पास्कू, ते लोक येशूला देव मानत नाहीत," बस्त्याव दबक्या आवाजात म्हणाला.

"मग काय मानतात?"

"देवाचा पुत्र."

"ते तर आपणही मानतो."

"आपण पुत्रही मानतो आणि देवही मानतो. ते पुत्रावर थांबतात."

शनिवारी यायचा तो नालासोपाऱ्याचा एक पास्टर. त्याचं उलटं. येशू हाच देव, पिता आणि पुत्र वेगळे नाहीतच, सगळा एकटा तोच.

म्हणजे मंगळवारी येशू देव नसायचा आणि शनिवारी येशूशिवाय दुसरा देव नसायचा.

बस्त्यावने शेवटी इनासला रस्त्यात गाठलं. "सरळ सांग, तू यांच्यातला कोण?"

इनासने जरा विचार केला. "चहा ठेवणारा."

*

यात हसण्यासारखं कमी होतं, तेही सांगतो. आमचं तिघांचं फार जुनं ठरलेलं आहे. जो आधी जाईल त्याला उरलेल्यांनी खांदा द्यायचा. इनासची जागा चर्चच्या दफनभूमीत आग्नेसच्या शेजारी. तो जर दुसरीकडे गेला, तर ती जागाही गेली आणि आमचा खांदाही.

बस्त्यावला धर्माची काळजी होती की ओट्यावर रिकाम्या राहणाऱ्या जागेची, हे मला नीट कळलं नाही. मला मात्र जागेचीच होती.

*

बस्त्याव म्हणाला, "परीक्षा घेऊ."

आमच्याकडे खाण्याआधी क्रुसाची खूण करतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघांच्या नावाने. टायवाले ती करत नाहीत. इनासचा उजवा हात कपाळाकडे जातो का, एवढंच बघायचं होतं.

एका रविवारी बस्त्यावने घरून तांदळाची वाफवलेली सांदणं आणली आणि थर्मासमध्ये चहा. इनास येऊन बसला. बस्त्यावने लगबगीने त्याच्या एका हातात कप दिला, दुसऱ्या हातात सांदण. इनासने सांदणाचा घास घेतला आणि वर चहाचा घोट.

घराकडे निघताना बस्त्यावने मला कोपर मारलं. "बघितलंस? खूण नाही केली."

"करणार कुठल्या हाताने? दोन्ही तूच भरलेस."

"मानणारा माणूस एक वस्तू खाली ठेवतो."

"तू ठेवलीस?"

बस्त्याव उरलेलं सांदण वाटेने खात होता. चावायचा थांबला. मग भरल्या तोंडानेच त्याने घाईघाईने खूण केली आणि गिळलं.

*

मग बस्त्याव फादरकडे गेला. मला साक्षीला नेलं. आमचे फादर तरुण आहेत, शांतपणे ऐकून घेतात. बस्त्यावने टाय, बॅग, छत्री, पास्टर, सगळं सांगितलं.

फादर म्हणाले, "त्यांच्यावर रागावण्याआधी आपलं आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे. बरं, पिता देव आहे?"

"आहे, फादर."

"येशू?"

"देव."

"पवित्र आत्मा?"

"देव."

"मग देव किती झाले?"

"एकच."

"मरणाच्या आदल्या रात्री येशूने बागेत गुडघे टेकले. तो देव होता, तर प्रार्थना कोणाची करत होता?"

 बस्त्यावने फादरकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, दाराबाहेरसुद्धा डोकावून बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "फादर, ते लोक तुमच्याकडेपण येतात काय?"

*

त्यानंतर एका शनिवारी पास्टरला कुठल्याशा लग्नाला जायचं होतं, म्हणून तो मंगळवारीच आला. टायवाला आणि त्याची बायको आधीच ओटीवर बसलेले. बस्त्यावने रस्त्यावरून हे बघितलं आणि मला हाताला धरून इनासच्या केळींमागे नेलं.

"हे बरोबर नाही," मी म्हटलं.

"ऐकायला काय होतं?"

ओटीवर दोघांनी आपापलं पुस्तक उघडलं होतं. आवाज कोणाचाच चढला नव्हता, पण पानं जोरात उलटत होती. इनास चहा घेऊन बाहेर आला, कप ठेवले आणि म्हणाला, "माझं एक विचारायचं राहिलंय. तेवढ्यासाठीच मी तुम्हाला येऊ देतो."

पानं थांबली.

"आग्नेसने हॉस्पिटलमध्ये शेवटी येशूला हाक मारली. मला नाही मारली. पोरांना नाही. 'येशू' म्हणाली आणि गेली. तो देव असेल तर ठीक आहे. पण नसेल, तर ती हाक कोणी ऐकली?"



टायवाल्याने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "अंकल, पुत्राच्या नावाने मारलेली हाक पित्याला पोचते. पित्याने ऐकली."

पास्टर म्हणाला, "ब्रदर, पिता वेगळा नाही. ज्याला बोलावलं तोच आला. येशूनेच ऐकली."

"तिघांनी ऐकली!" बस्त्याव केळींमागून ओरडला.

 टायवाल्याच्या बायकोने छत्री हातात घेतली.

इनास तिकडे न बघताच म्हणाला, "बस्त्याव, तिथे डास आहेत. पास्कूला घेऊन वर ये. चहा वाढवतो."

*

तरी संशय फिटला नाही. त्या दिवशी इनास कोणालाच हो म्हणाला नव्हता, बस्त्यावलाही नाही. ऑक्टोबरात क्रुसापाशी रोजरीची प्रार्थना झाली तेव्हा तो मागे उभा राहिला. ओठ हलत होते की नाही, यावरून भांडून बस्त्याव आणि मी दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

"मृतांच्या दिवशी कळेल," बस्त्याव म्हणाला. "मेणबत्ती घेऊन आला तर आपला. नाही आला तर गेला."

कारण तेवढ्या एका बाबतीत टायवाले आणि पास्टर एकमताचे होते. मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावायची नाही.

नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी दफनभूमीत आमचं सगळं गाव होतं. कबरी धुतलेल्या, झेंडूने सजवलेल्या. समुद्राकडून वारा सुटला होता. लोकांनी बाटल्या कापून ज्योतींना आडोसे केले होते. फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीतून फिरत होते. आग्नेसची कबर आम्ही दोघांनी सकाळीच धुतली होती. तिच्यावर मेणबत्ती नव्हती. बस्त्याव सारखा फाटकाकडे बघत होता. फादर तिच्या ओळीशी आले, तरी इनासचा पत्ता नव्हता.

"पास्कू, गेला रे आपला," बस्त्याव म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

तेवढ्यात इनास फाटकातून आत आला. हातात मेणबत्त्यांचा पुडा. मागे टायवाला, त्याची बायको आणि पास्टर.

बस्त्यावने माझा दंड धरला. "यांना इथे कशाला आणलंय?"

इनास कबरीपाशी वाकला आणि काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. टायवाला अवघडून म्हणाला, "अंकल, तुम्हाला माहीत आहे, आम्ही मेणबत्ती लावत नाही."

"आम्हीपण," पास्टर म्हणाला.

"लावू नका," इनास म्हणाला. "नुसता वारा अडवा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग टायवाला बॅग छातीशी धरून एका अंगाला उभा राहिला. त्याच्या बायकोने छत्री उघडून आडवी धरली. पास्टर तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि कोटाची बाजू पसरली. इनासने पुन्हा काडी ओढली. ज्योत धरली, पण वाकून वाकून विझायला आली.

समुद्राकडची बाजू अजून उघडी होती. बस्त्यावने माझा दंड सोडला आणि तिथे जाऊन उभा राहिला.