बॅटरीवरचं निरांजन

आमच्या घरी आजवर फक्त एकदाच अग्निशमन दल आलं, आणि तेव्हा आग लागलेली नव्हती.

झालं असं. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे मंदारनं, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या थंडीत बाल्कनीत कुडकुडत ओढायची सिगारेट एकदाची सोडली आणि व्हेप सुरू केलं. इथपर्यंत ठीक. पण ऑफिसातल्या कुणा भल्या माणसानं त्याला रिबिल्डेबल अ‍ॅटोमायझर भेट दिला. म्हणजे व्हेपची वाफ तयार करणारा भाग, पण आपल्या हातानं जोडायचा! तारेचं वेटोळं आपण करायचं, त्यातून कापूस आपण ओवायचा, टाकीत द्रव आपण भरायचा. (एवढं सगळं आपणच करायचं, तर कारखान्यात नेमकं काय करतात, हे मला अजून कळलेलं नाही.)

एका रविवारी मंदार वैतागला. "सारखी जळकी चव येतेय! हे आज जमलं नाही ना, तर उद्या सरळ सिगारेटचं पाकीट आणणार."

पाकीट! मी ताडकन उठले. मी गाड्यांचे ब्रेक टेस्ट करणारी इंजिनियर. हे बोटाएवढं यंत्र मला दाद देत नाही म्हणजे काय?

"दे इकडे. मी इव्हॅल्युएट करते."

"तू? तू आयुष्यात कधी ओढलेली नाहीस!"

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच मी निष्पक्ष आहे."

मी डायनिंग टेबलवर स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, भिंग अशी मांडामांड केली. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई लगेच खुर्ची ओढून बसल्या. त्यांचं कुतूहल माझ्यापेक्षा तसूभर जास्तच.

"ही तार कशाला गं?"

"तापते."

"आणि कापूस?"

"तो द्रव ओढून घेतो. तार तापली की त्याची वाफ होते. अहो आई, बॅटरीवरचं निरांजन समजा!" मी म्हणाले. स्वतःच्या उपमेवर मी बेहद्द खूश झाले.

तेवढ्यात मंदारचा कापूस संपला. रविवार असल्यामुळे दुकानं बंद. सासूबाई हसल्या, आत गेल्या आणि वातीचा कापूस घेऊन आल्या. असा मऊ, असा लांब धागा! मी तो तारेतून ओवला आणि भिंगातून पाहत राहिले.

"आता लक्षात ठेवा," मी मास्तरकीच्या सुरात म्हणाले, "कापूस कोरडा असताना बटण दाबलं तर तो जळतो. सगळी जळकी चव त्यातूनच येते."

"बरोबर आहे. कोरडी वात कोण लावतं?" सासूबाई म्हणाल्या.

वेटोळ्याचा जवळून फोटो घ्यावा म्हणून मी मोबाइल आणायला आत गेले. परत आले तर टाकी भरलेली! मला वाटलं, मंदारनं भरली. मंदारला वाटलं, मी भरली.

"घे, ओढ," मी म्हणाले.

मंदारनं एक झुरका घेतला आणि त्याचे डोळे एकदम मोठे झाले. खोकत खोकत तो एवढंच म्हणाला, "शर्वरी... देवघर!"

"चवीचं नीट वर्णन कर!"

"अगं, निरांजन ओढल्यासारखं वाटतंय!"

"मी साजूक घातलंय," सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणालीस ना, निरांजन समजा?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं यंत्र सिंकमध्ये ठेवलं असतं. मला मात्र प्रश्न पडला, तूप घातल्यावर तार नेमकी वागते कशी? म्हणून मी मंदारच्या हातातून यंत्र घेतलं, लांब धरलं आणि बटण चांगलं दाबून ठेवलं!

काळाकुट्ट धूर सुटला. छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धूर हुंगून बोंबलणारी डबी, किंचाळायला लागला. मंदारनं त्याला झाडूचा दांडा मारला, तेव्हा तो आणखी जोरात किंचाळला. धूर बाहेर जावा म्हणून मी घराचा दरवाजा सताड उघडला, आणि तो सगळा ट्रेपेनहाऊसमध्ये, म्हणजे इमारतीच्या जिन्यात, जाऊन बसला. समोरच्या आजीबाईंनी दार किलकिलं केलं, धूर पाहिला आणि फोन लावला.

थोड्याच वेळात दोन धिप्पाड जवान घरात!

"बूट! त्यांना बूट काढायला सांग!" सासूबाई ओरडल्या.

"कुठे जळतंय?" पहिल्यानं जर्मनमध्ये विचारलं.

मी हातातलं यंत्र पुढे केलं. त्यानं वास घेतला. मी खालमानेनं म्हणाले, "बुटरश्माल्त्स."

"तूप? ई-सिगारेटमध्ये?"

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं. "त्याला सांग, घरी कढवलेलं आहे!"

त्यानं खिडक्या उघडल्या, राउखमेल्डर गप्प केला आणि सहज विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"गाड्यांचे ब्रेक टेस्ट करते."

जाताना जिन्यात तो जोडीदाराला विचारत होता, "आपल्या गाडीचे ब्रेक कुठे बनतात रे?"

मंदारनं त्या दिवसापासून सिगारेटला हात लावलेला नाही, आणि व्हेपलाही नाही. तोंडाशी काही धरलं की म्हणे आरती सुरू होईलसं वाटतं. सासूबाईंनी ही बातमी पुण्यात पसरवली, पण त्यांच्या पद्धतीनं: सुनेनं नवऱ्याचं व्यसन सोडवलं!

परवा सांगलीहून मंदारच्या मावशीचा फोन आला. आवाज एकदम हळू.

"शर्वरी, आमच्या ह्यांची संध्याकाळची बाटली काही सुटत नाही गं. तू सुट्टीत येशील तेव्हा तिचीही तपासणी कर ना! फक्त आधी सांग, म्हणजे आम्ही पडदे काढून ठेवतो."