घोंगडीवरची दुसरी विहीर

माझी मुलगी संगणकावर चित्रगोष्टी रचण्याचं एक साधन बनवते. वाचणाऱ्यानं बोटानं चित्र सरकवलं की गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते. सगळं वेबच्या खुल्या तंत्रांवर उभं आहे म्हणे. कोड कोणीही उघडून बघावा, उचलावा, बदलावा. मी म्हटलं, "त्यात काय! मी हे घोंगडीवर केलंय." ती हसली. मग मी तिला गोष्ट सांगितली, पण अर्धीच.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. पालमजवळच्या एका गावात मी दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायची, पाटलांच्या ओसरीवर. फळीवर घोंगडीचा तुकडा ताणायचा आणि कागदी चित्रांच्या पाठीला खरखरीत पॉलिश पेपर चिकटवायचा. चित्र घोंगडीला धरून राहतं. ही युक्ती मी दुसऱ्या गावच्या बाईंची बघून उचलली, माझी बघून तिसरीनं. मालकी कुणाचीच नाही. गोष्ट मी सुरू करून द्यायची, बायकांनी उठून चित्रं हलवत पुढं न्यायची. मला त्याचा भारी तोरा होता. मुलीला सांगितली ती इथपर्यंतच.

बौद्धवाड्यातली एक मजूर बाई रोज खाली पायरीवर बसायची. तिला अंगठ्याऐवजी सही करायची होती, बाकी काही नको होतं.

एकदा पाण्याची गोष्ट लावली. गावात दोन विहिरी, म्हणून मी घोंगडीवरही दोन लावल्या. विचारसुद्धा केला नाही. ती उठली, बौद्धवाड्याकडची विहीर काढून तिनं खाली ठेवली आणि सगळ्या बायकांची चित्रं उरलेल्या एका विहिरीभोवती लावली.

पाटलीणबाई कडाडल्या, "आवं बाई, आता चित्रातबी इहीर बाटवायल्यात का?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमीच म्हनलाव की बाई, कुनीबी उठा अन् चित्र हलवा."

म्हणाले होते. पण पाटलीणबाई रुसल्या असत्या तर ओसरी गेली असती आणि निम्मा वर्गही. मी वाकले, खालची विहीर उचलली आणि होती तिथं परत लावली. काही झालंच नाही अशी गोष्ट पुढं नेली, याचीच आज जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मीही बोलवायला गेले नाही. तिच्या नावाची दोन अक्षरं शिकून झाली होती, तिसरं राहिलं होतं.