तीन बदामची बोली

माझी पलटण इंजिनियर्सची. भिलाईच्या सेक्टर 2 मधून भरतीला गेलो तेव्हा शिपाई होतो. डावा पाय गेला तेव्हा नायब सुभेदार होतो. शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगराळ भागात होती. रोजचं काम ठरलेलं. सकाळी गस्तीच्या वाटेवर सुरुंग आहेत का ते तपासायचं, दोन्ही बाजूंना पांढरी फीत टाकायची आणि रेडिओवर वाट मोकळी असल्याचं कळवायचं.

त्या सकाळी पाऊस थांबून थोडाच वेळ झाला होता. वरचा उतार घसरला होता आणि मातीबरोबर एक जुना सुरुंग वाटेवर आला होता. मी माझ्या तुकडीच्या पुढं होतो. स्फोट झाल्यावर ऑपरेटरनं हँडसेट माझ्या तोंडाजवळ धरला.

"कोण जखमी? ओव्हर."

"मी. एकटाच. बाकी सगळे ठीक. ओव्हर."

याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. हेलिकॉप्टर आलं. दोन हॉस्पिटलं बदलून मी पुण्याकडच्या एका लष्करी हॉस्पिटलात पोहोचलो. तिथं गुडघ्याखालचा पाय काढला. तिथंच मला कॅप्टन ओंकार लघाटे भेटले. ही आठवण त्यांची आहे.

कॅप्टन लघाटे इन्फन्ट्रीचे. चकमकीत पोटात गोळी लागलेली. तीन ऑपरेशनं झाली होती, चौथं व्हायचं होतं. ऑफिसर्स वॉर्ड वेगळा, आमचा वेगळा; पण फिजिओथेरपीचा हॉल एकच. दुपारी व्यायाम संपला की ते व्हीलचेअर कोपऱ्यातल्या टेबलाजवळ नेत आणि खिशातून पत्त्यांचा कॅट काढत. तोफखान्याचे एक मेजर आणि फिजिओच्या मॅडम हे दोन गडी ठरलेले होते. चौथा डिस्चार्ज होऊन गेला होता.

"लांजेवार साहेब, पत्ते येतात?" त्यांनी मला विचारलं. आमच्यात ऑफिसरही माझ्यासारख्या जेसीओला, म्हणजे सुभेदाराच्या दर्जाच्या माणसाला, साहेब म्हणतात.

"मेंढीकोट येते, साहेब."

"मग अर्धं ब्रिज येतं तुम्हाला. बसा समोर."

अर्धं म्हणजे खेळणं. उरलेलं अर्धं म्हणजे बोली. समोरासमोर बसलेले दोघं जोडीदार. पत्ते दाखवायचे नाहीत, खूण करायची नाही. हातात काय आहे ते फक्त बोलीतून सांगायचं आणि तेरांपैकी आपण किती हात करू तेही त्यातच ठरवायचं; बोलीचा आकडा अधिक सहा, इतके हात करावे लागतात. जो पहिल्यांदा बोलतो तो ओपनर. त्याचा जोडीदार रिस्पॉन्डर. सगळा घोळ रिस्पॉन्डरच्या उत्तरात असतो.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ केला. मी 'एक बदाम' म्हणालो. कॅप्टन साहेब 'एक इस्पिक' म्हणाले. माझे पत्ते जेमतेम होते. मी पास दिला. कॅप्टन साहेबांकडं राजा-राण्यांची रांग होती. बारा हात झाले, आणि आम्ही मागितले होते सात. मेजर साहेब पोट धरून हसले. कॅप्टन साहेबांना हसू येत होतं, पण टाके ओढायचे म्हणून त्यांनी उशी पोटाशी दाबून धरली.

"तिथं पास म्हणता येत नाही, साहेब."

"कावून नाही म्हणता येत? माह्याजवळ तं काहीच नव्हतं."

"मी नवा रंग दाखवला. म्हणजे तुम्हाला प्रश्न विचारला. ती फोर्सिंग बोली. उत्तर द्यावंच लागतं, पत्ते कसेही असोत. मी 'दोन बदाम' म्हणालो असतो तर ती नुसती माहिती. तिथं गप्प बसायची मुभा आहे."

मग त्यांनी मला एकेक बोली शिकवली. 'एक नो-ट्रम्प', म्हणजे हुकुमाच्या रंगाशिवायची बोली, आलं तर थांबता येतं. एकाच्या बोलीवर नवा रंग आला की थांबायचं नाही. मी वॉर्डात पडल्या पडल्या घोकत असे. पाय नसल्याचा विचार त्या वेळात येत नसे. हे त्यांना कळत होतं असं मला आता वाटतं.

एकाच बोलीवर त्यांचं स्वतःचं भांडण होतं, तेही वडिलांशी. वडील रायपूरला, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनियर. आई लहानपणीच गेलेली. घरात दोघंच, आणि ब्रिज मुलाला त्यांनीच शिकवलेलं. पहिल्या दोन ऑपरेशनांच्या वेळी ते इथंच राहिले होते. नंतर मुलगा सुधारतोय म्हणून त्यानंच त्यांना घरी पाठवलं. रोज दुपारी फोन येई आणि त्यात हटकून तो विषय निघे. जोडीदार 'एक बदाम' म्हणाला आणि आपण एकदम 'तीन बदाम' म्हणालो, तर त्याचा अर्थ काय?

"उडी मारली की चारपर्यंत जायचंच," फोनमधून वडिलांचा आवाज येई. "मधेच थांबायचं होतं तर उडी कशाला मारली?"

"बाबा, ती जुनी पद्धत झाली. आता तीन म्हणजे आमंत्रण. जोडीदाराकडं दम असेल तर तो चार म्हणेल, नसेल तर पास. त्याला ठरवू द्या ना."

"मला तुझं आमंत्रण मान्य नाही."

"मला तुमचा हुकूम मान्य नाही."

फोन ठेवल्यावर ते म्हणत, "ऐकायचे नाहीत. पण फोन करायला कारण मिळतं त्यांना."

चौथं ऑपरेशन झालं. दोन दिवस बरे होते. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप चढला. जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. डॉक्टरांनी हात राखून काम केलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वडिलांना फोन गेला. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, म्हणून मिळेल त्या गाडीत ते सकाळीच बसले. कॅप्टन साहेबांनी माझं नाव घेतलं, तेव्हा मेट्रन मॅडमनी मला आत बसायची परवानगी दिली. त्या दिवशी मी तिथं होतो. त्याबद्दल पुढं सांगतो. दुपार कलली तेव्हा ते गेले.

वडील पोहोचले तेव्हा पार्थिव न्यायची सगळी तयारी झालेली होती. माझी त्यांची भेट मिनिटभराची. मी कुबड्यांवर उभा राहून सॅल्यूट केला. त्यांनी मान हलवली आणि ते गाडीत बसले.

मी कृत्रिम पाय घेऊन पेन्शनवर आलो. भिलाईतच जुनवानीत घर बांधलं. रविवारी सकाळी माझ्याकडं ब्रिज चालतं. शेजारचे दोघं नवरा-बायको, दोघंही स्टील प्लांटमधून निवृत्त, आणि माझा जोडीदार म्हणून जो कोणी मिळेल तो. असंच दुसरं वर्ष सरत आलं असताना फोन वाजला.

"मी ओंकारचा बाबा. रायपूरहून बोलतोय. तुम्ही अजून खेळता असं ऐकलं."

"हो सर."

"रविवारी आलो तर चालेल?"

शोभा, माझी बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोन होतं?"

"कॅप्टन साहेबाचे बाबा. रविवारी येऊन राह्यले."

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "जेवाले थांबवजा त्याईले. तिखट चालते का, इचारलं कावून नाही?"

ते आले. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुरे होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं नाही. माझ्यासमोरची खुर्ची ओढून त्यांनी बसायच्या आधी एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला. चार-पाच डाव साधेच गेले. नंतरच्या डावात माझ्याकडं पाच बदामं आली, बाकी पत्ते बेताचे.

"एक बदाम," मी म्हणालो.

शेजाऱ्यांनी पास दिला. लघाटे सर पत्त्यांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "तीन बदाम."

मी माझे पत्ते पुन्हा मोजले. आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. मुलाच्या पद्धतीनं मी पास द्यायला हवा होता. पण ही बोली वडिलांची होती, आणि त्यांच्या तीनवर थांबायचं नसतं, हे मी कितीदा ऐकलं होतं. त्यांचा मान राखावा असं वाटलं.

"चार बदाम."

डाव आता मी एकट्यानं खेळायचा होता, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी पत्ते टेबलावर उघडे मांडले. चार बदामं, एक एक्का, एक राजा, एक राणी. तीनच्या आमंत्रणाचे पत्ते होते, चारच्या हुकमाचे नव्हते. मी जपून खेळलो. दहा हात हवे होते. नऊ झाले.

"पास का नाही दिला?" त्यांनी विचारलं. "मी ओंकारचा तीन बदाम बोललो होतो."

"मला वाटलं तुमचा आहे, सर."

"माझा मी बंद केला."

शेजारीणबाईंनी पत्ते गोळा केले आणि पिसत बसल्या, वाटले नाहीत. मग आज इथंच थांबू म्हणून ती दोघं उठली. शोभानं ताटं घेतली. सर जेवले थोडंच. हात धुऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसले.

"मला तिथं सगळ्यांनी सांगितलं, त्याला काही त्रास झाला नाही. झोपेत गेला म्हणाले. खरं काय ते मला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही होतात. दुखत होतं का त्याला?"

शोभा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हो सर. दुखत होतं. दुपारपर्यंत फार दुखत होतं. नंतर औषधानं कमी झालं."

"शुद्धीवर होता?"

"जवळजवळ शेवटपर्यंत."

"काही बोलला?"

"पाणी मागत होते. द्यायचं नव्हतं. मी कापसानं ओठ ओले करत होतो. आणि तुमची गाडी कुठवर आली ते सारखं विचारत होते. तुमचा फोन लागत नव्हता. पण हा रस्ता माझ्या पायाखालचा. पुण्याहून घरी सुट्टीवर कितीदा आलो-गेलो. मी घड्याळ पाहून अंदाजानं स्टेशनं सांगत राहिलो. गोंदिया गेलं, साहेब. नागपूर गेलं. वर्धा गेलं. प्रत्येक स्टेशनाला ते मान हलवत."

"शेवटचं कोणतं सांगितलं?"

"अकोला. म्हणालो, गाडी अकोल्याला उभी आहे. त्यांनी मान हलवली. मग पुन्हा विचारलं नाही."

लघाटे सरांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली.

"अकोल्याला गाडी बराच वेळ उभी होती," ते म्हणाले. "मी खाली उतरलो होतो. फलाटावर फिरत होतो, फोन लागतो का बघत."

"मी अंदाजानंच सांगत होतो, सर."

"बरोबर सांगितलंत. मी कुठं आहे ते त्याला माहीत होतं."

संध्याकाळच्या गाडीनं ते रायपूरला परत गेले. मी भिलाई पॉवर हाऊस स्टेशनपर्यंत सोडायला गेलो होतो. गाडी हलली तेव्हा मी सॅल्यूट केला. या वेळी त्यांनी हात वर केला.

कॅप्टन ओंकार लघाटे गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.